जाताना नाही, येताना

रत्नागिरीत माझा फोटोचा स्टुडिओ होता, त्या काळात माझा स्वतःबद्दल फार मोठा गैरसमज होता. वर काचेचं छप्पर, मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर तळं, तळ्यात दोन हंस आणि पलीकडे कुठल्याशा विलायती राजाचा वाडा. पुढे संगमरवरी दिसावा म्हणून रंगवलेला लाकडी खांब. लग्न ठरलेल्या मुली, मुंबईहून रजेवर आलेले गिरणीकामगार, बोटीवर निघालेले खलाशी, सगळे त्या खांबावर कोपर टेकून उभे राहायचे. जिल्ह्यात आपल्यासारखा कलावंत नाही, असं मी समजत असे आणि चारचौघांत तसं बोलतही असे. हा गैरसमज काशीबाईंनी दूर केला, तोही पहिल्याच भेटीत.

एकोणीसशे तीसच्या आधीचा एखादा श्रावण असेल. दुपारी एक उंच, काळी, चाळिशीची बाई स्टुडिओत शिरली. पांढरं लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं, पायात लाल चिखलाने भरलेले कॅनव्हासचे बूट, हातात चामड्याची बॅग. आमच्या गावातल्या धर्मादाय दवाखान्याची ही नर्स. गावात तिला सगळे ओळखत, कारण अर्ध्या गावाला तिनेच जगात आणलं होतं. तिने बॅगेतून फिल्मचा रोल काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"धुऊन ठेवा. उद्या येतंय," म्हणाली आणि गेली.

रोल धुतला. आठही फोटोंत गावाबाहेरच्या सड्यावरचं, उघड्या कातळावरचं गवत. गवतात कुठे कुठे एखादा फिकट ठिपका. दुसऱ्या दिवशी काशीबाई आल्या तेव्हा मी तोंड शक्य तितकं गंभीर ठेवून म्हटलं, "बाई, रोल फुकट गेला. माणूसच नाही एकात."

"मानूस कशाला हवा? फुलं हायत ती."

"कुठं आहेत फुलं?"

त्यांनी ठिपक्यावर बोट ठेवलं.

"या ठिपक्यासाठी तुम्ही पावसातून सड्यावर गेलात?"

"सड्यापलीकडं मी बाळंतपनाला गेलेली. ठिपका वाटेत व्हता."

मी हसलो. हसायला नको होतं. काशीबाईंनी शांतपणे माझ्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ह्या तळ्यात पानी कदी भरलंत? माजं फूल बारीक आलं, पन खरं हाय. ते मोठं कसं करायचं तेवढं सांगा. हसायचं ते मी गेल्यावर हसा."

मी त्यांचा कॅमेरा बघायला मागितला. भात्याचा, घडी घालायचा होता. मुंबईच्या ज्या इस्पितळात त्या शिकल्या, तिथली गोरी मेट्रन मायदेशी जाताना त्यांना देऊन गेली होती. त्या कॅमेऱ्याला सहा फुटांच्या आतलं काही दिसत नसे. मी माझ्या वडिलांच्या जुन्या चष्म्याचं एक भिंग पुठ्ठ्याच्या कड्यात बसवलं, ते कॅमेऱ्याच्या तोंडावर चढवून दिलं आणि सांगितलं, "आता फूल बरोबर तेरा इंचांवर पाहिजे. बोटभर इकडेतिकडे झालं की सगळं धुकं." त्यांनी बॅगेतून दोऱ्याचं बंडल काढलं, माझ्या फूटपट्टीवर तेरा इंच मोजले आणि गाठ मारली. तो दोरा कसला, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. बाळाची नाळ बांधायचा तो दोरा होता. मी हात मागे घेतला तशा म्हणाल्या, "कोरा हाय. घाबरू नका."

पुढच्या रोलमध्ये फूल आलं. नखाएवढं फूल, पण त्याच्या पाकळीवरची शीर न् शीर दिसत होती. लाल दिव्याच्या खोलीत ते पाण्यातून वर येताना मी पाहिलं आणि त्या दिवशी माझ्या पडद्यावरचे हंस मला पहिल्यांदा नकोसे झाले.

सडा आमच्याकडे कुणाच्या खिजगणतीत नसतो. जांभ्या दगडाची उघडी सपाटी, उन्हाळ्यात तव्यासारखी तापलेली, ना शेत ना सावली. पण श्रावण-भाद्रपदात तिथल्या बोटभर मातीत काय काय उगवतं, हे जन्मभर तिथून गुरं नेणाऱ्यांनाही सांगता यायचं नाही. काशीबाई वाडी-वाडीला बाळंतपणांना जात त्या या सड्यांवरून. गाडीरस्त्याने गेलं तर चार मैलांचा वळसा, सड्यावरून दीड मैल. त्यांचे वडील दाभोळचे तांडेल, म्हणजे गलबतावरचे मुख्य खलाशी. वाऱ्याची दिशा त्या चालता चालता गालावर ओळखायच्या, आणि ढग बघून उजेड किती वेळ टिकेल हे मला नेमकं सांगायच्या. सोळाव्या वर्षी नवरा गेला, सतराव्या वर्षी सासर सुटलं, एवढं मला इतरांकडून कळलं. त्या स्वतः याविषयी कधी बोलल्या नाहीत आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

त्यांचा एक नियम होता. बाळंतपणाला जाताना कॅमेरा बॅगेतून निघायचा नाही. वाटेत काहीही फुललेलं असो. फोटो काढायचा तो येताना. आणि येताना एक फोटो काढायचाच, मग पाऊस असो की पाय मोडून आलेले असोत. बॅग जमिनीवर ठेवायची, तिच्यावर कॅमेरा, छत्री उघडून वाऱ्याच्या बाजूला, दोऱ्याने अंतर मोजायचं आणि गुडघ्यावर बसून वारा थांबायची वाट बघायची. फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहायचं: सडा कुठला, किती वाजता, बाळंतीण कोण, मुलगा की मुलगी. माझ्याकडून छापून नेलेला प्रत्येक फोटो म्हणजे एकेक जन्म होता.

मूल दगावलं तरी फोटो असायचा. हे मला खटकायचं. एकदा धीर करून म्हटलं, "काशीबाई, मेलेल्या मुलाच्या नावाने फूल कशाला?"

"आलेलं ना ते? मग." आणि वर म्हणाल्या, "घरात त्याचं नाव कोन घेनार नाय. कुठंतरी लिवलेलं असू दे."

एकटी बाई सड्यावर गुडघे टेकून बसते, याची गावात चर्चा होणारच. कुणी म्हणे गुप्तधन शोधते, कुणी म्हणे सरकारची मोजणी चालली आहे, आता सड्यालाही सारा लागणार. एका हितचिंतकाने त्यांना माझ्यादेखत सुनावलं, की सड्यावर कातरवेळी भुतं फिरतात, बाईमाणसाने जपून असावं. काशीबाई म्हणाल्या, "फिरत असतील तर त्यांच्या बायका पन बाळंत व्हत असतील. बोलवतील मना."

फूल तोडलेलं त्यांना खपत नसे. पुण्याहून एक प्राध्यापक आले होते, वनस्पतिशास्त्राचे. माझ्या टेबलाच्या काचेखाली लावलेल्या, काशीबाईंनी काढलेल्या फोटोंच्या जादा प्रती बघून ते खुर्चीवरून उठलेच. काशीबाईंना बोलावणं धाडलं. प्राध्यापक भला माणूस होता. त्याने एका फोटोवर बोट ठेवून समजावलं, की हे झाड कदाचित आजवर कुणीच नोंदलेलं नाही, ते मुळासकट उपटून कागदात दाबून पाठवा, लॅटिन नाव मिळेल, त्यात तुमचंही नाव घालता येईल.

"किती उपटायची?"

"पाच-सहा पुरेत."

"बारा हायत सगळी. मी मोजल्यात."

"पण बाई, नमुना हातात आल्याशिवाय ते सापडलं असं शास्त्र मानत नाही."

"नसंल मानत. त्याचं काय अडलंय? ते आपलं उगवतंय."

प्राध्यापक गेल्यावर मी चिडलो. म्हटलं, पुस्तकात नाव आलं असतं. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी रोल धुवायला आत गेलो.

फुलांना त्या आपलीच नावं ठेवायच्या. त्यांतलं एक होतं चारवाजी. बारीक काडीवर तीन पाकळ्यांचं जांभळं फूल, बोटाच्या पेराएवढं. दुपारी साडेतीनच्या आत तोंड उघडायचं नाही आणि दिवेलागणीला मिटून जायचं. मला हे खरं वाटेना. मग एक दिवस मी काशीबाईंकडे असलेले त्या फुलाचे जुने फोटो मागून घेतले आणि उलटून बघितले. अकरा होते. एकाच्याही पाठीवर चारच्या आधीची वेळ नव्हती. मी मुकाट्याने ते परत दिले.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो, त्या प्रकरणाकडे येतो.

सड्यापलीकडच्या वाडीत भाऊसाहेब खोत राहायचे. मोठी कलमांची बाग, घरात माणसांचा राबता, आणि आमच्या दवाखान्याच्या कमिटीवरचं वजनदार नाव. त्यांची सून सुशीला पहिलटकरीण होती. भाद्रपदात घरी गणपती बसले, रविवारी गौरी आल्या आणि रविवारीच संध्याकाळी सुशीलेला कळा सुरू झाल्या.

त्या घरात जे घडलं ते कोकणाबाहेर कदाचित कुणाला पटायचं नाही. मूल जन्मलं की घराला सोयर. सोयर आलं की घरच्या माणसाने देवाला हात लावायचा नाही. म्हणजे बसलेला गणपती, आलेली गौर, नैवेद्य, आरती, सगळं परक्याच्या हातात, नाहीतर देव घाईने बोळवायचे. म्हणून घरातल्यांनी ठरवलं, की मंगळवारी विसर्जन होईपर्यंत बाळंतपण थांबवायचं. नर्सला बोलावलं की ती मूल बाहेर काढणार, तेव्हा नर्सला बोलवायचंच नाही. सुशीलेला कुशीवर निजवून पाय जुळवून ठेवायला सांगितलं. कुणी दुष्ट नव्हतं त्यात. सासू माई रात्रभर तिच्या उशाशी बसून जप करत होती.

बुधवारी सकाळी निरोप आला. काशीबाई दहाच्या आत पोचल्या. दुपारी मूल झालं, ते गेलेलंच होतं. सुशीला मात्र वाचली, आणि ती काशीबाईंमुळेच, एवढं घरातल्या बायका खालच्या आवाजात कबूल करायच्या. तिला सावरून काशीबाई तीनच्या पुढे निघाल्या. सड्यावर नेहमीप्रमाणे गुडघ्यावर बसल्या. भाऊसाहेबांचा एक गडी गुरं घेऊन जात होता, त्याने ते पाहिलं.

आठवड्याने कमिटीकडे लेखी तक्रार आली. घरी बाळंतीण अडलेली असताना नर्स सड्यावर फुलांचे फोटो काढत बसली, तिला यायला उशीर झाला, म्हणून मूल दगावलं. साक्षीदार, गडी. गड्याने पाहिलं होतं हे खरंच होतं. कधी पाहिलं, हे त्याला कुणी विचारलं नाही.

तो रोल माझ्याकडे होता. मला कमिटीने चिठ्ठी पाठवून कळवलं, त्या दिवशीचा फोटो घेऊन हजर राहावं. मी फोटो छापला. मऊ उजेडात एक चारवाजी, तिन्ही पाकळ्या पसरून उघडलेली. मी एकटाच मोठ्याने हसलो. काशीबाई संध्याकाळी फोटो न्यायला आल्या तेव्हा मी तो त्यांच्यापुढे नाचवला. "सुटलात तुम्ही! हे फूल सकाळी मिटलेलं असतं. हा फोटो येतानाचा आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. तुमच्याकडचे अकरा जुने फोटो पुराव्याला आहेत."

त्यांनी फोटो हातात घेतला. पाठीवर त्यांनी पेन्सिलीने लिहिलं: सुशीला. मुलगी. आलेली. चार वाजता. मग तो परत माझ्या हातात दिला.

"हा दाखवू नका."

"वेड लागलंय का?"

"फोटो मी कदी काढला ह्याची चौकशी चाललेय. तिला कळा कदी लागल्या ह्याची कोन करतो? तुमी हा दाखवलात की मी सुटन. आनि माज्याबरोबर ते पन सुटतील. सगळे घरी जातील. पुढच्या गनपतीत दुसऱ्या कुनाच्या घरी हेच व्हईल."

"पण तुमची नोकरी?"

"माजी हाय ना? मग माजं मी बघतंय. उद्या मना एवढंच इचारायचंय त्यांना, कळा कदी लागल्या. ते मना इचारू द्या."

मी हो म्हटलं. माझ्या आयुष्यात मी दिलेल्या शब्दांपैकी हा एक.

दवाखान्याच्या पुढच्या खोलीत कमिटी बसली. पाच जण, मध्ये अध्यक्ष, वकील होते ते. भाऊसाहेब खुर्ची जरा बाजूला घेऊन बसले होते, आपण तक्रारदार आहोत म्हणून. गडी दाराशी. काशीबाई उभ्या होत्या, त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. भाऊसाहेब बोलू लागले. आधी मूल, मग खानदान, मग बाईंचं सड्यावरचं वागणं, मग विधवा बाईने कसं राहावं याबद्दल बरंच काही. काशीबाई ऐकत होत्या. मला ऐकवेना. माझं डोकं तापलं आणि मी उठून फोटो टेबलावर आपटला. "हे बघा! हे फूल चारला उघडतं! बाई परत येताना थांबल्या होत्या!"

अध्यक्षांनी फोटो घेतला, चष्मा वर केला, माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं, गड्याला विचारलं. गडी म्हणाला, "व्हय, गुरं घरला आनताना बगलंनी." अध्यक्षांचा चेहरा खुलला. मी काशीबाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"म्हणजे प्रश्नच मिटला," अध्यक्ष म्हणाले. "बाईंचा दोष नाही. भाऊसाहेबांचाही गैरसमज झाला, दुःखात होतोच माणसाचा. कुणाचाच दोष नाही. ईश्वरी इच्छा. फक्त यापुढे तक्रारीला जागा नको म्हणून बाईंनी लिहून द्यावं, की कामाच्या वेळी कॅमेरा जवळ बाळगणार नाही. झालं."

त्यांनी कागद पुढे सरकवला. सगळ्यांच्या खुर्च्या मागे सरकल्या. काशीबाई बोलल्या होत्या ते अक्षरशः तसंच माझ्या डोळ्यांपुढे घडत होतं, आणि ते घडवलं होतं मी.

"कळा कदी लागल्या?" काशीबाईंनी विचारलं.

कुणी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांनी पुन्हा विचारलं, यावेळी आवाज असा की बाहेर औषधाला बसलेली माणसं दारात आली.

"भाऊसाहेब, सुनेला कळा कदी लागल्या? मना बोलावलं बुधवारी."

"तो आमच्या घरचा प्रश्न आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"रविवारी लागल्या. तीन दिवस तुमी तिला थांबवून ठेवलीत. सोयर नको म्हनून. सोयर दहा दिवसांत फिटतं. ती पोर काय परत येनार नाय." मग अध्यक्षांकडे वळून म्हणाल्या, "हे लिवून घ्या. आनि कळा लागल्या की सन असू दे, देव असू दे, नर्सला सांगावा धाडायचा, असं कमिटीच्या नावानं गावात जाहीर करा. तर मी तुमचा कागद बघतंय."

"ते आमच्या अधिकारातलं नाही."

"मग कॅमेरा पन नाय."

त्यांनी कागद उचलला नाही, ढकललाही नाही. टेबलावरून फक्त फोटो घेतला, बॅगेत ठेवला आणि त्या चालू लागल्या. नोकरी त्या दिवशी गेली.

दोन महिने काशीबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. रोल आणून ठेवत, फोटो घेऊन जात. मी एकदा क्षमा मागायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "पाच नंबरचा हलला काय?" मी म्हटलं, हलला. "वारा व्हता," म्हणाल्या. त्यातच काय ते मी समजून घेतलं. मला तेवढ्याने बरं वाटलं हे कबूल करतो.

नोकरी गेली तरी बोलावणी थांबली नाहीत. दवाखान्याला दुसरी नर्स मिळेपर्यंत वर्ष गेलं, आणि ती मिळाल्यावरही वाड्यांमधल्या बायका काशीबाईंनाच बोलावत. पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमा झाली तशी काशीबाईंनी नवीनच काम काढलं. ज्या ज्या घरात दिवस भरत आलेली बाई होती तिथे जायच्या, ओटीवर उभ्या राहायच्या आणि घरातल्या थोरल्या बाईला सांगायच्या, "गनपती असू दे, गौर असू दे, पैल्या कळेला सांगावा धाडा. सोयर दहा दिवसांत फिटतं." काही घरांनी पाणी विचारलं, काही घरांनी दार लावून घेतलं. एका ठिकाणी अंगावर कुत्रं सोडलं. त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच घरी गेल्या. भाऊसाहेबांच्या ओटीवरही गेल्या होत्या, असं मी नंतर ऐकलं. भाऊसाहेब उठून आत गेले आणि माई खांबाला धरून सगळं ऐकत राहिल्या.

त्यानंतरच्या वर्षीचा गौरीपूजनाचा दिवस. सणाचा स्टुडिओ बंद होता. माझा मोठा काचेच्या प्लेटांचा कॅमेरा एकदा तरी सड्यावर न्यायचा आणि चारवाजीचा फोटो घ्यायचा, असं मी बरेच दिवस म्हणत होतो. काशीबाई म्हणाल्या, चला. तिवई खांद्यावर, तीन प्लेटा भरलेल्या, अशी माझी वरात अकराला सड्यावर पोचली. चारवाजी अर्थातच मिटलेली होती. काशीबाई मला कुठे पाय ठेवायचा आणि कुठे नाही हे दाखवत होत्या, तेवढ्यात वाडीच्या बाजूने एक म्हातारी जवळजवळ पळत येताना दिसली. रेशमी लुगडं, नाकात नथ, कोपरापर्यंत तांदळाचं पीठ. घावन घालता घालता उठून आल्या होत्या माई.

"काशीबाई, सुशीलेला कळा सुरू झाल्यात हो. तासही नाही झाला."

काशीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "घरात देव हायत?"

"आहेत. गौरीही आहेत. पूजा शेजारचे करतील. ह्यांनी गड्याला धाडू दिलं नाही, म्हणून मीच आल्ये. अशी काय बघत्येस गो? तूच सांगत फिरत्येस ना पहिल्या कळेला या म्हणून? आल्ये. चल."

काशीबाईंनी बॅग उचलली. दोघी निघून गेल्या. मी छत्रीखाली बसून राहिलो. एक सर आली, गेली. साडेतीनला माझ्या पायाशी एक एक करून चारवाजी उघडायला लागली, आणि ज्या फुलाच्या वेळेवर मी कमिटीपुढे वाद घातला होता, ते प्रत्यक्ष उघडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दोन प्लेटा काढल्या. वारा इतका होता की दोन्ही वाया जाणार हे काढतानाच मला कळलं.

साडेचारला दोघी परत आल्या. काशीबाईंच्या हातांना साबणाचा उग्र वास होता. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मुलगी. आवाज खनखनीत हाय." माई त्यांना निम्म्या वाटेपर्यंत पोचवायला आल्या होत्या, सोयर लागलेल्या अंगाने, सणाच्या लुगड्यात.

काशीबाईंनी बॅग खाली ठेवली, तिच्यावर कॅमेरा, दोऱ्याने अंतर मोजलं. छत्री उघडली तर वाऱ्याने उलटी झाली. फूल काही स्थिर राहीना. माई थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या, मग शेजारी उकिडव्या बसल्या आणि त्यांनी आपला रेशमी पदर दोन्ही हातांनी फुलाभोवती आडवा धरला. फूल थांबलं. मी माझी तिवई चार पावलं मागे नेली. तिसरी प्लेट उरली होती.

तेवढ्यात वाडीकडून भाऊसाहेब आले. उघडबोडके, धापा टाकत.

"घरात देव बसलेले, घराला सोयर, आणि तुम्ही इथे सड्यावर पदर पसरून बसलात? उठा! लोक काय म्हणतील?"

माईंनी मानही वळवली नाही. "म्हणोत. नात बघितलीत का? आधी घरी जाऊन तिचं तोंड बघा. मी आत्ता उठणार नाही, इथे वारा आहे."

"उठा म्हणतो ना!"

"भाऊसाहेब, पायाखाली बघा," काशीबाई कॅमेऱ्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "फुलं हायत."

भाऊसाहेब पुढे आले, थबकले, हात उडवत पुन्हा बोलू लागले. उजेड उतरत चालला होता, चार सेकंद तरी द्यायला हवे होते. मी कुणाला काही सांगितलं नाही, भिंगावरची टोपी काढली आणि मनात चार मोजले.

ती काच आणि तिच्यावरून छापलेला फोटो अजून माझ्यापाशी आहेत. फोटोत भाऊसाहेबांच्या जागी एक पांढुरका डाग आला आहे, तिथे माणूस उभा होता हे सांगितल्याशिवाय कळत नाही. माईंच्या पदराच्या काठावरची नक्षी मोजता येते, काशीबाईंच्या बोटातला दोरासुद्धा दिसतो. त्या चार सेकंदांत दोघीजणी जागच्या हलल्या नव्हत्या.